‘उन्हाळा आहे, तापणारच’ : तिसऱ्या सिलिंडरचं प्रकरण

मे महिना, सकाळचे साडेदहा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडालेलं चार आसनी प्रशिक्षण विमान साडेतीन हजार फुटांपर्यंत चढलं. जमिनीवर पारा ४२ अंश सेल्सिअस. कॉकपिटमधल्या पडद्यावर चार सिलिंडर हेडची तापमानं अशी: पहिला ३९८, दुसरा ४०५, तिसरा ४६२, चौथा ४१२ अंश फॅरनहाइट. लाल रेघ ५०० वर, म्हणजे मर्यादा कुणीच ओलांडली नव्हती. उतरल्यावर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ‘चढताना इंजिन गरम’ एवढी नोंद झाली. तेल पाहिलं, थोडं कमी होतं ते भरलं. जमिनीवर इंजिन चालवून बघितलं, आकडे व्यवस्थित आले. ‘उन्हाळा आहे, तापणारच’ असं म्हणून विमान दुसऱ्या दिवशी परत उडालं. चौथ्या दिवशी तीन टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरनं ४७८ दाखवलं, तेव्हा कुठं विमान थांबवलं गेलं.

हे प्रकरण कुठल्याही एका विमानाचं किंवा संस्थेचं नाही. विदर्भाच्या उन्हात लहान पिस्टन इंजिनांवर जे बिघाड पुन्हापुन्हा भेटतात, त्यांवरून ते अभ्यासासाठी बांधलं आहे. उड्डाणातले आणि तपासणीतले आकडे म्हणून नमुन्याचे आहेत. इंजिनाच्या मर्यादा, तपासण्याच्या पद्धती आणि हवेचा हिशेब मात्र खरा. इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए: चार सिलिंडर, हवेनं थंड होणारं, फ्युएल इंजेक्शनचं, मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती देणारं. पडद्यावर फॅरनहाइट येतं, म्हणून इंजिनाचे आकडे फॅरनहाइटमध्ये आणि हवेचे सेल्सिअसमध्ये ठेवले आहेत.

उन्हाचा वाटा नेमका किती

नागपूरचं ऊन काही खोटं नाही. शहराचा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. नवतपात पारा ४५ ला गेला तर त्याची कुणी फारशी दखलही घेत नाही. तेव्हा आधी उन्हाला त्याचा हिस्सा देऊन टाकू.

विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीला १३ अंश तापमान धरतात. मे महिन्यात हवेचा दाबही उतरलेला असतो. तो १००३ हेक्टोपास्कल धरला तर दाबानुसार उंची १३०० फुटांच्या आसपास येते आणि ४२ अंशांना हवेच्या घनतेनुसार उंची सुमारे ४८५० फूट निघते. म्हणजे सोनेगावला चाकांवर उभ्या असलेल्या इंजिनाला महाबळेश्वरापेक्षा उंचावरची विरळ हवा मिळते, फक्त महाबळेश्वरचा थंडावा सोडून.

याचे परिणाम तीन. इंजिनाची ताकद घटते, त्यामुळे चढ रेंगाळते आणि पूर्ण थ्रॉटलवरची मिनिटं वाढतात. सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिनमधून, जाणारी हवा वजनानं कमी भरते, म्हणून ती उष्णताही कमी उचलते. आणि हेड व हवा यांच्या तापमानातला फरकच आटतो. हेड ४०० फॅरनहाइटला, म्हणजे २०४ सेल्सिअसला असेल, तर जानेवारीतल्या सकाळच्या १६ अंशांच्या हवेशी त्याचा फरक १८८ अंश असतो. मे महिन्यात तो १६२ वर येतो. उष्णता याच फरकाच्या जोरावर बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट वैमानिकांच्या गप्पांत क्वचितच येते. लहान विमानांच्या अमेरिकी नियमांत इंजिन पुरेसं थंड राहतं की नाही हे दाखवण्यासाठी गरम दिवसाची जी किमान अट होती, ती समुद्रसपाटीला १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसची. उंची वाढेल तशी ती दर हजार फुटांना दोन अंशांनी उतरते. नागपूरच्या उंचीला हिशेब ३६ अंशांवर येतो. आपला मे महिना त्या कागदावरच्या गरम दिवसापेक्षा सहा ते नऊ अंशांनी पुढं असतो. कारखान्यानं दिलेली सवलत इथं ऊनच खाऊन टाकतं. मग शिल्लक सवलतीवर एखादा बारीक दोषही डल्ला मारत असेल, तर तो जानेवारीत दिसत नाही, मे महिन्यात दिसतो.

पण ऊन चारही सिलिंडरांना सारखंच लागतं. सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. चारही तापले तर हवेकडं, वेगाकडं, मिक्श्चरकडं (इंधन-हवेच्या मिश्रणाकडं), ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या टायमिंगकडं बघायचं. चारांतला एकच तापला, तर दोष त्या एकाच्या भोवती आहे, आणि त्याचं खापर सूर्यावर फोडता येत नाही.

जानेवारीची नोंद

या विमानातला मॉनिटर दर सेकंदाला एक नोंद मेमरी कार्डावर टाकतो. पहिल्या तक्रारीनंतर ते कार्ड कुणी काढलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जमिनीवर इंजिन चालवण्यात वेळ गेला. वास्तविक जमिनीवर ना समोरून पुरेशी हवा शिरते, ना हेड पूर्ण तापेपर्यंत कुणी थांबतं, त्यामुळे चढाईतला दोष तिथं सापडण्याची शक्यता मुळातच कमी.

कार्ड काढल्यावर जानेवारीतलं एक उड्डाण सापडलं: तेवढंच वजन, तीच चढ, तोच ७५ नॉटचा वेग, बाहेर १६ अंश. आकडे ३४५, ३५२, ३८१, ३५८.

आता वजाबाकी. जानेवारी ते मे हवा २६ सेल्सिअसनं, म्हणजे ४७ फॅरनहाइटनं तापली. पहिला, दुसरा आणि चौथा यांची सरासरी ३५२ वरून ४०५ वर गेली, म्हणजे ५३ नं. हवा जितकी तापते साधारण तितकंच हेड तापतं हा ढोबळ ठोकताळा आहे, त्यामुळे ४७ उन्हाचे आणि वरचे सहा विरळ हवेचे व लांबलेल्या चढाईचे मानायला हरकत नाही. तिसरा मात्र ८१ नं चढला. शेजाऱ्यांपेक्षा तो जानेवारीत २९ अंशांनी गरम होता, मे महिन्यात ५७ नं. म्हणजे दोष हिवाळ्यातही होता आणि मधल्या काळात वाढला. जानेवारीत ३८१ चा आकडा इतका निरुपद्रवी दिसत होता की तो तिसऱ्या सिलिंडरचा आहे याकडं कुणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं.

४६२ किंवा ४७८ मध्ये इतकं वाईट काय, लाल रेघ तर ५०० आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. ५०० ही त्यापलीकडं जायचंच नाही अशी कड आहे, रोज नांदायची जागा नव्हे. लायकमिंगचाच सल्ला असा की सिलिंडर दीर्घकाळ टिकावेत म्हणून जोराच्या क्रूझमध्ये (समतल प्रवासात) हेड ४३५ च्या खाली आणि काटकसरीच्या क्रूझमध्ये ४०० च्या खाली ठेवावं. हेड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि या तापमानांना त्याची ताकद भराभर उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या गाइडमधलं तेल जळून कोळशाची पुटं चढतात. व्हॉल्व्ह आधी सकाळच्या थंड स्टार्टला अडखळतो, मग एके दिवशी अडकूनच बसतो. तडा गेलाच तर तो बहुधा स्पार्क प्लगचं भोक आणि एक्झॉस्टची वाट यांच्या मधल्या पातळ भिंतीत. शिवाय तापलेल्या हेडमध्ये इंधन आपोआप भडकण्याची, म्हणजे डेटोनेशनची कड जवळ येते, आणि तिथून पुढचं नुकसान काही मिनिटांचं काम असतं.

आकडा खरा आहे का

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी गेली, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. इंजिनातही पहिला संशयित सेन्सरच. तो तपासायला लागतं काय, तर दहा मिनिटं आणि एक पाना.

हेडच्या खाचेत बसणारे तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्रोब आपसांत बदलले आणि सकाळी एक चढ घेतली. गरम आकडा प्रोबबरोबर चौथ्याच्या रकान्यात गेला असता तर विषय संपला असता. तो तिसऱ्या सिलिंडरपाशीच राहिला. बदलताना दोन्ही प्रोब एकाच जातीचे असल्याची खात्री केली होती. काही इंजिनांत एखादा प्रोब स्पार्क प्लगखालच्या वॉशरच्या रूपात असतो. त्याचा आकडा खाचेतल्या प्रोबशी जुळत नाही, आणि त्या फरकाला बिघाड समजून सिलिंडर उतरवल्याचे प्रकार होतात.

हेड आणि एक्झॉस्ट एकत्र वाचणं

हेडचं तापमान एकटं फार बोलत नाही. शेजारी एक्झॉस्ट वायूचं तापमान, म्हणजे ईजीटी, ठेवलं की बोलायला लागतं. हेड तापलं आणि ईजीटी जागच्या जागी असेल तर थंड करणारी हवा कमी पडते आहे. दोन्ही चढले तर त्या सिलिंडरला इंधन कमी मिळतं आहे. ईजीटी चढून हेड उतरलं तर सिलिंडरच्या दोन स्पार्क प्लगपैकी एक झोपला आहे. हेड झपाट्यानं वर आणि ईजीटी खाली, असं दिसलं तर डेटोनेशन किंवा वेळेआधीचं ज्वलन. तिथं विचार करत बसायचं नाही, थ्रॉटल मागं आणि मिक्श्चर पूर्ण पुढं, म्हणजे इंधन भरपूर.

इथं ईजीटी १३१०, १३२५, १३९५, १३२० होते. तिसरा ७७ अंशांनी वर. पण नुसत्या ईजीटीवर निकाल देणं घाईचं ठरतं, कारण प्रोब पाइपात सेंटिमीटरभर पुढंमागं बसला तरी आकडा बदलतो. म्हणून ६५ टक्के ताकदीवर, समतल उड्डाणात, मिक्श्चर सावकाश पातळ करत प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी शिखराला कधी पोचतो ते पाहिलं. तिसरा तासाला ९.६ गॅलनवर शिखराला पोचला, बाकीचे तिघं ८.९ ते ९.० वर. जो आधी शिखर गाठतो तो सगळ्यांत पातळ मिश्रणावर चालतो. पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्ध्या गॅलनच्या आत अंतर असावं असं मानतात. इथं ते ०.७ होतं.

बाकीचे संशयित पटापट सुटले. मॅग्नेटो टायमिंग दोन्ही बाजूंना २५ अंशांवर होतं, आणि ते चुकलं असतं तरी चारही सिलिंडरांना भोवलं असतं. सिलिंडर दाब किती धरून ठेवतात हे पाहणारी ८० पीएसआयची कॉम्प्रेशन चाचणी गरम इंजिनावर ७६, ७५, ७२, ७४ आली. ७० च्या वर चिंता नाही. सिलिंडरच्या आत डोकावणाऱ्या बोअरस्कोपमध्ये तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळीकडून सारख्या रंगाचा दिसला, एका कडेला जळत्या व्हॉल्व्हचा हिरवट-पांढरा डाग नव्हता. इनटेक पाइपच्या गास्केटमधून हवा शिरत असेल तरी सिलिंडर पातळ चालतो, पण ती गळती मंद चालीत जास्त जाणवते आणि पूर्ण थ्रॉटलला जवळपास नाहीशी होते. इथं नेमकं उलट होतं.

बॅफल: कूलरच्या ताटीतलं भोक

समोरच्या दोन तोंडांतून शिरलेली हवा सिलिंडरांच्या वर कोंडली जाते. तिथून तिनं फक्त फिनमधून खाली उतरावं अशी योजना असते. पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या कडेची सिलिकॉन रबराची पट्टी मिळून वरच्या कप्प्याला झाकण घालतात. वर-खालच्या कप्प्यांतला दाबाचा फरक अगदी किरकोळ, पाण्याच्या काही इंचांइतका. एवढ्याशा दाबाला एखादी मोकळी फट मिळाली की हवा फिनमधून कशाला जाईल? नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. कूलरमधली वाळ्याची ताटी एका कोपऱ्यात खाली बसली की पंखा तेवढाच फिरतो, पाणी तेवढंच पडतं, आणि खोलीत त्या भोकातून गरम झळच येते.

वरचं काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढल्यावर आधी त्याच्या आतल्या पृष्ठभागाकडं पाहिलं. रबरी पट्टी जिथं नीट टेकते तिथं एक सलग घासलेली रेघ उमटते. उजव्या मागच्या कोपऱ्यात ती रेघ तुटलेली होती आणि तिथं धुळीचा झोत उठल्यासारखा पंख्याच्या आकाराचा डाग होता. खाली तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या बॅफलवर १४ सेंटिमीटर पट्टी मागं दुमडलेली. पट्टी नेहमी पुढं, दाब असलेल्या कप्प्याकडं झुकलेली हवी, म्हणजे हवेचा दाबच तिला काऊलिंगवर चेपून धरतो. मागं दुमडली की तोच दाब तिला आणखी उघडतो. पट्टी कडक झाली होती, दुमडीवर बारीक भेगा होत्या. डिसेंबरमधल्या १०० तासांच्या तपासणीनंतर काऊलिंग बसवताना ती दुमडली गेली असावी आणि नंतर कुणी टॉर्च घेऊन आत डोकावलं नसावं. एकट्या माणसानं काऊलिंग बसवलं की हे होतंच. एक कड सांभाळताना दुसरी दिसत नाही.

याच कोपऱ्यात तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या मधला खालचा बॅफल ढिला होता, त्याचा ताणाचा रॉड सैल. रॉड आवळला, मागची पट्टी दोन्ही बाजूंची नवी लावली, पत्र्याच्या कोपऱ्यातल्या बारीक फटी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉननं बुजवल्या. मग काऊलिंग बसवून एकानं तेलाच्या झाकणातून दिवा आत सोडला आणि दुसऱ्यानं समोरच्या तोंडातून पट्टीची कड न्याहाळली.

इथं एक शिस्त पाळली गेली, तिचा पुढं उपयोग झाला. हवेचा दोष काढला, पण सिलिंडरला इंधन देणाऱ्या नॉझलला हात लावला नाही. विमान त्याच तपमानाला, त्याच चढीवर नेलं. तिसरा ४६२ वरून ४३८ वर आला आणि ईजीटी जिथं होता तिथंच राहिला. २४ अंश हवेचे होते. दोन्ही कामं एकदम केली असती तर कशानं किती फरक पडला हे कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजच चालले असते.

नॉझल आणि चार बाटल्या

आता इंधन. चारही नॉझल सिलिंडरमधून काढून आपापल्या नळीलाच ठेवले आणि एकसारख्या चार काचेच्या बाटल्यांत सोडले. हे काम हँगरबाहेर, पहाटे, ऊन चढण्याआधी करायचं. विमानाला अर्थिंगची वायर, शेजारी अग्निशामक घेऊन उभा माणूस, मॅग्नेटो बंद आणि चावी खिशात. ४२ अंशांत उघड्या बाटलीतल्या पेट्रोलची वाफ किती लांब जाते याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. मिक्श्चर आणि थ्रॉटल पूर्ण पुढं करून विजेचा पंप एक मिनिट चालवला. पहिल्या बाटलीत ८२ मिलिलिटर, दुसरीत ८१, तिसरीत ७५, चौथीत ८२. तीनदा केलं, तीनदा तिसरी बाटली कमी.

दोष नॉझलचा की नळीचा की इंधन वाटून देणाऱ्या डिव्हायडरचा, हे ठरवायला पहिला आणि तिसरा नॉझल आपसांत बदलले. आता पहिली बाटली कमी भरली. नॉझलच.

भिंगातून पाहिल्यावर तोंडात पिवळट-तपकिरी लाखेसारखा थर दिसला. हा येतो कुठून? प्रशिक्षणाच्या विमानाचं इंजिन दिवसातून चार-पाच वेळा बंद होतं. बंद केल्यावर काऊलिंगमध्ये हवा खेळत नाही, हेडची उष्णता वर येते आणि नॉझलमध्ये राहिलेलं इंधन सुकून चिकट अंश मागं ठेवतं. बाहेर ४२ अंश असताना हे भाजणं अर्धा-पाऊण तास चालतं. म्हणजे ऊन इथं दोषी आहेच, पण उडताना नाही, एप्रनवर उभं असताना. बंद केल्यावर तेलाचं झाकण उघडं ठेवलं तर बरीच उष्णता वरून निघून जाते. नंतर ते लावायची आठवण मात्र ठेवावी लागते, म्हणून चावीला लाल फीत.

नॉझल परवानगी असलेल्या सॉल्व्हंटमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, मग उलट्या दिशेनं कोरड्या हवेचा झोत. तार, सुई, दाढी करायच्या ब्रशचा केस, काहीही आत घालायचं नाही. ते भोक मापून पाडलेलं असतं आणि पितळ मऊ. एक ओरखडा पडला की तो नॉझल कायमचा जास्त इंधन देतो. परत बसवताना षटकोनाच्या एका बाजूवरचं ‘ए’ अक्षर खाली आलं पाहिजे, म्हणजे हवेचं भोक वर राहतं आणि इंजिन बंद झाल्यावर इंधन तिथून झिरपत नाही. नळ्यांची क्लँप जागेवर आहेत का, कुठं घासतात का, हेही याच वेळी. इंधनाच्या या बारीक नळ्या थरथरून तडकतात आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून लायकमिंगनं त्यांच्यासाठी वेगळं सर्व्हिस बुलेटिनच काढलेलं आहे.

साफ केल्यावर बाटल्या ८१, ८१, ८०, ८२. उड्डाणात ४३ अंशांना हेड ४००, ४०८, ४२१, ४११. शिखरांमधलं अंतर ०.७ वरून ०.३ गॅलनवर.

तेल

चढाईत तेलाचं तापमान २२८ होतं. मर्यादा २४५, बरं चालतं ते १८० ते २०० च्या दरम्यान. ऑइल कूलरच्या फिनमध्ये धूळ आणि त्यावर शेवरीचा कापूस बसून नमद्यासारखा थर झाला होता. एप्रिलमध्ये शेवरीची बोंडं फुटली की हा कापूस सगळीकडं उडतो. मागून पुढं हलक्या दाबानं धुतल्यावर २१४. जोराच्या पाण्यानं फिन वाकतात, मग कूलर साफ होतो पण हवा जात नाही. तेलाची पातळी आठ क्वार्टच्या सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, सात ठेवली; आठ भरलं की वरचं ब्रीदरच्या नळीतून विमानाच्या पोटाखाली उडतं. फिल्टर असल्यानं तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल ते. फिल्टर कापून पाहिला, धातूचा कीस नव्हता.

उडवण्याच्या सवयी

यंत्र दुरुस्त झालं तरी मे महिना तोच राहतो. ७४ नॉटला सर्वांत जलद चढ मिळते म्हणून विद्यार्थी नाक वर धरून बसतात. पाचशे फुटांनंतर ८५ नॉट केले की चढ थोडी मंदावते, पण हेड पंधरा-वीस अंशांनी उतरतं. विमानतळाला धावपट्टी एकच, त्यामुळे प्रवासी विमानांच्या रांगेत थांबणं आलंच. तेव्हा नाक वाऱ्याकडं आणि रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) लांबवायचा नाही. एका दमात तीन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मग एक पूर्ण थांबा. हेड ४२० ला आलं की नाक खाली, ४३५ ला समतल.

मिक्श्चरवर इथं वाद होतो. घनतेनुसार उंची जवळपास पाच हजार फूट, तेव्हा टेक-ऑफपूर्वी मिश्रण पातळ करायला हवं असं एक मत. विमानाच्या पुस्तकात तीन हजार फुटांहून उंच असलेल्या धावपट्टीसाठी ते सांगितलेलं आहे, आणि सोनेगाव १०३३ फुटांवर आहे. पातळ केल्यानं ताकद थोडी वाढते हे खरं, पण जास्तीचं इंधनच पूर्ण थ्रॉटलला हेड थंड ठेवत असतं. त्यातून एका नॉझलचं तोंड अरुंद असेल तर चारांची सरासरी बरोबर दिसते आणि तो एकटा आधी कडेवर जातो. या विमानासाठी पूर्ण रिचवरच, म्हणजे मिश्रण पातळ न करता, उडायचं ठरलं. आम्हालाही तेच बरोबर वाटतं.

वेळापत्रकात बदल थोडेच झाले. नॉझल काढून धुणं आणि बाटल्यांची चाचणी दरवर्षी मार्चच्या आत. काऊलिंग दोघांनीच बसवायचं आणि टॉर्चनं पट्टी पाहिल्याची सही कार्डावर वेगळी. मेमरी कार्ड दर ५० तासांनी काढून चारही हेडची चढाईतली शिखरं आणि बाहेरचं तापमान एका तक्त्यात. विमानतळाशेजारच्या मिहान प्रकल्पात येणाऱ्या मोठ्या जेट इंजिनांत याच विचाराला ईजीटी मार्जिन (ईजीटी मर्यादेपासून किती दूर आहे ते) म्हणतात आणि त्यावरून इंजिन कधी उतरवायचं ते ठरतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला त्यासाठी एक वही पुरते.

तिसरा सिलिंडर अजूनही शेजाऱ्यांपेक्षा पंधरा अंशांनी गरम चालतो. मागच्या उजव्या कोपऱ्याची ती ठेवणच आहे, आणि ते पंधरा घालवायच्या नादात पत्रे वाकवण्यात अर्थ नव्हता. इंजिनाच्या लॉगबुकात आतल्या पानावर ‘तिसरा, अधिक १५, हवा ४३’ असं लिहून ठेवलं आहे, पुढच्या माणसाला तो आकडा २५ झालेला दिसला तर काऊलिंग उघडायला.